सड्यावरच्या पऱ्यातला गोम्फोनेमा: नवी प्रजाती म्हणण्याआधी काय काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात: राजापूरच्या सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) खाली येणाऱ्या एका पऱ्यातले (पावसाळी ओढ्यातले) दगड पाऊस सरता सरता खरवडले. त्यात गोम्फोनेमा वंशाचा एक डायटम (सिलिकाच्या कवचाचं एकपेशी शैवाल) मिळाला. हाताशी असलेल्या कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी तो जुळत नाही. नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध करायची तर काय काय करावं लागेल? डीएनए करायची सोय आमच्याकडे नाही, मग ते कोणी मान्य करेल का? सोबत झडपांचे (कवचाच्या अर्ध्या भागांचे) काही फोटो आहेत.

मॅडम, शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. डीएनए नसला तरी चालतं. शैवालं, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यात डीएनएची अट नाही. तिला हवं असतं ते इतकंच: लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन, किंवा जवळच्या प्रजातींपासूनचं वेगळेपण सांगणारं टिपण, वेगळेपण दिसेल असं चित्र, एक प्रकार-नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो नमुना), आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला त्याचा स्पष्ट उल्लेख. शैवालांसाठी लॅटिन १९५८पासून सक्तीचं होतं, ती सक्ती २०१२पासून गेली. पण संहितेचं समाधान होणं वेगळं आणि परीक्षकाचं होणं वेगळं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंशिवाय नवा गोम्फोनेमा पाठवलात, तर कुठलंही बरं नियतकालिक तो बहुधा तसाच परत पाठवेल. त्यामुळे पैसे आणि ओळख खर्च करायचीच असेल तर आधी तिकडे करा.

आता मुख्य मुद्दा. कोकणात अनोळखी डायटम सापडणं अजिबात अवघड नाही. जगात डायटमच्या एकूण प्रजाती लाखाच्या घरात असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा अजून बिननावाच्या आहेत. अवघड आहे ते वेगळंच: याला आधी कोणी नाव दिलेलं नाही, हे दाखवून देणं. ‘पुस्तकात मिळाला नाही’ हा त्यासाठी पुरावा होत नाही, कारण पुस्तक कुठलं हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्या बहुतेक विभागांत क्रामर आणि लांगे-बेर्टालोट यांच्या चार खंडांच्या झेरॉक्स असतात. १९८६ ते १९९१च्या दरम्यान आलेलं ते काम उत्तमच आहे, पण ते मध्य युरोपातल्या गोड्या पाण्याचं. जांभ्यावरच्या पावसाळी पऱ्याशी त्याचा संबंध तो किती! या पुस्तकांमुळे आपल्याकडे दोन उलट्या सवयी लागल्या. जुनी सवय म्हणजे दिसेल त्याला जवळचं युरोपीय नाव चिकटवायचं. टोकाशी निमुळता होणारा छोटा गोम्फोनेमा दिसला की लिही गोम्फोनेमा पार्व्हुलम; भारतातल्या याद्या या एका नावाने भरल्या आहेत. नवी सवय म्हणजे युरोपात नाही ना, मग नवाच. दुसरी सवय पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते असं माझं मत आहे. चुकीची ओळख पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो, पण एकदा प्रसिद्ध झालेलं अनावश्यक नाव साहित्यात कायमचं राहतं.

तुम्ही पहिल्यांदा बघायला हवेत ते हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी (१९२०–२००८). या माणसाने पश्चिम घाट आणि आसपासचे डायटम हाताने रेखाटून नोंदवले: कोल्हापूर, राधानगरी, धारवाडजवळचं मुगद, जोगचा धबधबा. राधानगरीवरचा त्यांचा लेख १९५७चा, सिलोनच्या विज्ञानपत्रिकेतला. कोल्हापूर परिसरावरचा १९५८चा, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधला. तुमच्याकडून अणुस्कुरा चढला की कोल्हापूर, कणकवलीकडून फोंडा चढला की राधानगरी. डायटमच्या हिशेबात हे शेजारपाजारच झालं. त्यामुळे तुमच्या लेखात गांधींच्या आकृत्यांशी तुलना नसेल, तर मी परीक्षक असलो तर पुढचं पान वाचणार नाही.

गांधींची चित्रं वाचायची एक पद्धत आहे. पहिला बाजारी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला १९६५मध्ये. गांधींचं बरंचसं काम त्याच्या आधीचं. म्हणजे चित्रात बाह्याकृती, आडव्या रेषांची दाटी, मध्यभागाचा आकार, स्टिग्माची (मध्याजवळच्या एका वेगळ्या छिद्राची) जागा एवढं नीट मिळतं. छिद्रांची बारीक रचना मिळत नाही, ती शोधूही नका. आकृतीखालचं माप आणि वर्णनातलं माप दोन्ही बघा. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते: गांधींनी पुष्कळ गोष्टी प्रजाती म्हणून न मांडता एखाद्या युरोपीय प्रजातीचा उपप्रकार किंवा फॉर्म म्हणून मांडल्या आहेत. प्रजातींची यादी चाळून गप्प बसलात तर नेमकं तेच निसटेल. तुमचा नमुना अशा एखाद्या उपप्रकाराशी जुळला, तर नवं नाव देण्याऐवजी तोच उपप्रकार प्रजातीच्या दर्जावर आणता येतो. नियमाने पाहिलं तर उपप्रकाराच्या नावाला प्रजातीच्या पातळीवर अग्रक्रम नसतो, त्यामुळे कोणी अडवणार नाही. पण ज्याने आधी पाहिलं त्याचं नाव पुसून आपलं टाकणं मला तरी शोभत नाही असं वाटतं. कोल्हापूरच्या गोम्फोनेमांबाबत कार्तिक आणि कोचिओलेक यांनी २०१२मध्ये गांधींच्या नोंदींची फेरतपासणी आणि प्रकारनिश्चिती केली आहे. तो लेख मिळवून शेजारी उघडा ठेवा, अर्धी वाट तिथेच सोपी होईल.

आता तुमच्या फोटोंकडे येतो. त्यात ४० मायक्रॉनच्या आसपासची, डोक्याशी मान आवळलेली एक झडप आहे आणि २० मायक्रॉनच्या आतबाहेरची, आखूड, मान नसलेली दुसरी. तुम्ही त्यांना ‘प्रकार अ’ आणि ‘प्रकार ब’ म्हटलंय. मला त्या एकाच मालिकेची दोन टोकं वाटतात. डायटमचं कवच म्हणजे झाकणाचा डबा: एक झडप किंचित मोठी, दुसरी तिच्या आत बसणारी. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही लेकींच्या वाट्याला एकेक जुनी झडप येते आणि प्रत्येक जण तिच्या आत मावेल अशी नवी घडवते. जिच्या वाट्याला आतली झडप आली ती आईपेक्षा लहानच होणार. मॅकडोनल्ड आणि फिट्झर यांनी हे १८६९मध्येच मांडलं. पिढ्यांमागून पिढ्या सरासरी लांबी घटत जाते आणि मग बहुधा लैंगिक पुनरुत्पादनातून ऑक्झोस्पोर (फुगून मोठी होणारी पेशी) तयार होऊन आकार पुन्हा मूळ पदावर येतो. गोम्फोनेमात लांबी भराभर घटते, रुंदी फारशी घटत नाही, आणि मान, खांदे, टोकाचा फुगीरपणा हे सगळं विरघळत जातं. त्यामानाने रेषांची दाटी आणि स्टिग्माची जागा बरीच टिकून राहते. म्हणूनच मालिकेतल्या एका मापावरून वेगळेपण सिद्ध होत नाही. एकाच नमुन्यातल्या निदान ३० झडपा मोजा, लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने ओळीने लावा. मधल्या पायऱ्या भरल्या तर अ आणि ब एकच. मध्ये खिंडार राहिलं आणि दोन्हीकडची रेषांची दाटीही वेगळी निघाली, तर दोन प्रजाती एकत्र राहत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. पऱ्यात असं होतं, अगदी एकाच दगडावर.

मोजताना लांबी, सर्वांत रुंद जागेची रुंदी, आणि १० मायक्रॉनमध्ये किती आडव्या रेषा येतात, एवढं तरी हवंच. रेषा नेहमी मध्याजवळ मोजा. टोकाकडे त्या दाटतात आणि आकडा फुगतो. आडवी पडलेली पेशी, म्हणजे पट्ट्याच्या बाजूने दिसणारी, रुंदीच्या हिशेबात धरू नका. तुमच्या एका फोटोत झडप तिरपी आहे. ती अरुंद दिसते ती त्यामुळेच.

फोटो फिके का आले, तेही सांगतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. तुम्ही बहुधा डीपीएक्समध्ये (काचेवर नमुना बसवायच्या नेहमीच्या माध्यमात) माउंट केलंय. त्याचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास, आणि डायटमच्या सिलिकाचा १.४३च्या आसपास. दोघांत अंतर कमी, म्हणून कवच माध्यमात विरघळल्यासारखं दिसतं. नॅफ्रॅक्स वापरा, त्याचा १.७च्या वर आहे. तीच झडप, तोच सूक्ष्मदर्शक, पण रेषा एकेक मोजता येतील. काचेवर तापवताना बुडबुडे सुटून जाईपर्यंत धीर धरा. १००च्या तेल-वस्तुभिंगाशिवाय या कामाला हात लावू नका, आणि डीआयसीची (उठावदार प्रतिमा देणाऱ्या सूक्ष्मदर्शन पद्धतीची) सोय जिथे असेल तिथे एक दिवस मागून घ्या.

नमुना साफ करताना कोकणात एक खास अडचण येते, तिची तयारी ठेवा. जांभ्याची बारीक लाल माती. चिरेखाण वरच्या अंगाला असेल तर विचारूच नका, बीकरभर तांबडा काला. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जातो, लोह जात नाही. त्यासाठी गरम हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. हे धुराच्या कपाटातच करा, प्रयोगशाळेच्या ओट्यावर नको. आधी काला विटकरी असतो, मग पिवळसर होतो, मग राखाडी-पांढरा. तो रंग आला की थांबा. पुढे डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. आम्ल पुरतं जाईपर्यंत प्रत्येक वेळी रात्रभर निवळू द्या. चिकणमाती उरलीच, तर शेवटच्या एक-दोन धुण्यांत थोडाच वेळ थांबून वरचं गढूळ पाणी ओतून द्या. यात लहान झडपा काही प्रमाणात जातात, म्हणून ओतलेलं पाणीही एका बाटलीत राखून तपासा. नाहीतर मालिकेचं खालचं टोक तुम्हीच मोरीत सोडाल. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवू नका, लांब झडपा मोडतात. कव्हर काचेवर सोडायचा थेंब जेमतेम दुधी दिसेल इतका पातळ असावा. दाट थेंबात झडपा एकमेकींवर चढतात आणि एकही फोटो धड येत नाही.

यानंतर पऱ्यावर पुन्हा जाणं आलंच. आषाढात पाण्याचा लोट दगड घासून काढतो, तेव्हा फारसं काही हाती लागत नाही. श्रावणात उघडीप मिळाली की थर धरू लागतो, आणि भाद्रपद-आश्विनात तो सर्वांत चांगला. हिरवं शेवाळ नको. दगडावर बोट फिरवलं की बुळबुळीत लागणारा, तपकिरी, उन्हात किंचित सोनेरी दिसणारा थर हवा. वाहत्या पाण्यात बुडालेले, हातात मावतील असे चार-पाच दगड घ्या आणि दात घासायच्या कोऱ्या ब्रशने ताटलीत खरवडा. पुढच्या जागी नवा ब्रश. जुना धुऊन वापरला तर आधीच्या जागेच्या झडपा सोबत जातात, आणि स्थानिक प्रजातीचा दावा करायचा तर हे परवडणारं नाही. गोम्फोनेमा श्लेष्माच्या देठावर उभा राहतो. दगडाइतकाच तो शेवाळीवर आणि पाण्यातल्या काड्यांवरही असतो. त्या वेगळ्या बाटल्यांत घ्या.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिन नको, उद्या कोणी डीएनए करायला तयार झालं तर तो रस्ता बंद होतो. दुसरा काहीही न घालता बर्फावर, आणि शक्यतो त्याच संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली. यात दोन कामं होतात. हरितलवक कसं आहे, पेशी एकटी की देठावर फांद्या करून, हे जिवंतपणीच दिसतं. आम्लात ते सगळं जातं. दुसरं, तुमचा डायटम तिथे खरोखर राहतो की नुसती रिकामी कवचं वाहून आली आहेत, ते कळतं. साफ केलेल्या काचेवर मेलेलं आणि जिवंत सारखंच दिसतं.

पाण्याचा सामू आणि विद्युतवाहकता तिथेच मोजा. जांभ्यातून कॅल्शियमसारखी द्रव्यं कधीच धुपून गेली आहेत. उरलंय ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून सड्यावरचं पाणी हलकं, क्षार अगदी कमी, बहुधा किंचित आम्लधर्मी. युनोशिया, फ्रुस्टुलिया, पिन्युलारिया, ब्रॅकिसायरा अशी मंडळी सोबत दिसली तर चित्र जुळतं, आणि लेखात ‘सहवासी प्रजाती’ म्हणून त्यांची नोंद घ्या. उलट वाहकता अचानक जास्त लागली तर खाडीकडे बघा. आपल्या नद्यांत भरती बरीच आतपर्यंत चढते. वाशिष्ठीत तर चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत. नमुन्यात प्लुरोसिग्मासारख्या निमखाऱ्या पाण्यातल्या झडपा दिसू लागल्या, तर ‘गोड्या पाण्यातली’ हे विशेषण लिहिण्याआधी जागा जरा वर सरकवा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसायला मिळालं की बहुतेक जण बाहेरून सुंदर दिसणाऱ्या झडपेचे फोटो काढत बसतात आणि वेळ संपतो. आतली बाजू सोडू नका. बाहेरून रॅफेची (झडपेवरून लांबीने जाणाऱ्या चिरेची) मध्याकडची टोकं कशी आहेत, टोकाकडची फट कुठे वळते, छिद्रांची तोंडं गोल की कमानदार, स्टिग्माचं भोक बाहेर कसं आहे. आतून तेच स्टिग्मा चिरेसारखं उघडतं का, रॅफेच्या टोकाशी हेलिक्टोग्लॉसा (ओठासारखा उंचवटा) कसा आहे, टोकांशी खोटी पडदी आहे का. पायाकडच्या टोकाला श्लेष्मा सोडणाऱ्या छिद्रांचा पट्टा असतो. तो आणि बाजूचे पट्टे यांचा एक तरी स्वच्छ फोटो हवा. बरेचदा दोन सारख्या दिसणाऱ्या गोम्फोनेमांतला फरक याच ठिकाणी सापडतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा आयआयटी मुंबईत शुल्क भरून वेळ मिळू शकतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर नियमित काम चालतं. त्यांना आधी फोटो दाखवलेत तर कदाचित सहलेखक मिळेल आणि डीएनएचाही प्रश्न सुटेल. केलाच तर आरबीसीएल जनुक करा, डायटमच्या तुलनेसाठी ते फार वापरलं जातं.

प्रकार-नमुन्याबद्दल बारकावे थोडे आहेत, पण इथे चूक झाली तर नावच अवैध ठरतं. होलोटाइप म्हणजे एक ठरावीक काच. शक्य असेल तर त्या काचेवरची एक झडप हिऱ्याच्या टोकाने गोल करून ठेवा आणि तिचाच फोटो लेखात ‘होलोटाइप’ म्हणून द्या. ‘होलोटायपस’ किंवा ‘होलोटाइप’ असा शब्द आणि संग्रहाचं नाव लेखात छापलंच पाहिजे. १९९०पासून ही अट आहे. काच विभागाच्या कपाटात ठेवून चालणार नाही, मान्यताप्राप्त हर्बेरियम हवं. सोबत साफ केलेला गाळ आणि कच्च्या नमुन्याचा थोडा भागही द्या. उद्या कोणाला नव्या पद्धतीने तपासायचं असेल तर काचेतून काही निघत नाही. आपल्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९प्रमाणे नवीन प्रजातीची माहिती आणि नमुना केंद्राने नेमलेल्या भांडाराकडे देणं बंधनकारक आहे. जमा करण्याची जागा त्या यादीतलीच निवडलीत तर दोन्ही कामं एकत्र होतात.

नावाबद्दल फार गुंतून पडू नका. गोम्फोनेमा नपुंसकलिंगी आहे, तेव्हा कोंकणेन्सिस नव्हे, कोंकणेन्से. गांधींच्या नावाने द्यायचं मनात असेल तर गोम्फोनेमा गांधीई २०११पासून घेतलेलं आहे. काहीही सुचलं तरी ॲल्गीबेस या शैवालांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर आणि कॅलिफोर्निया अकॅडमीच्या डायटम-नावांच्या यादीत आधी तपासा. आणि लेख छापून येईपर्यंत ते नाव परिषदेच्या पोस्टरवर, वर्तमानपत्रात, महाविद्यालयाच्या फलकावर कुठेही येऊ देऊ नका. वर्णनाशिवाय बाहेर पडलेलं नाव वैध ठरत नाही, नुसता घोळ होतो.

मूळ ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लेखात द्यावे लागतात, ते द्याच. पण त्या आधी त्याच सड्याच्या दुसऱ्या उतारावरचे दोन-तीन पऱ्ये आणि शक्य असेल तर देवराईतला एखादा झराही पाहून घ्या. वर चिरेखाण निघाली तर तुमचा पऱ्या पुढच्या पावसाळ्यात असाच राहील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दुसरीकडे तीच प्रजाती मिळाली तर दावाही भक्कम होतो.

पहिल्या वेळच्या बाटलीत काही उरलं असेल तर आजच त्यातला निम्मा गाळ अल्कोहोलमध्ये बाजूला काढा आणि लेबल पेन्सिलीने लिहून आत टाका; बाहेरची शाई अल्कोहोल लागलं की पुसली जाते. उरलेला निम्मा नॅफ्रॅक्समध्ये लावून ३० झडपा मोजा, आणि गांधींच्या दोन्ही लेखांतल्या गोम्फोनेमांच्या मापांशेजारी तुमची मापं मांडून तो तक्ता मला पाठवा.